बाळगोळी

'अफूची गोळी' हा शब्दप्रयोग मराठी लेखकांच्या व वक्त्यांच्या इतका अंगवळणी पडला आहे की, धर्म असो, क्रिकेट असो वा चित्रपट असो, ज्या कशाने लोकांस आपल्या दैन्याचा विसर पडतो असे वाटेल त्याला हे नाव देऊन आपण पुढच्या मुद्द्याकडे वळतो. कार्ल मार्क्सने १८४४ साली लिहिलेल्या ज्या वाक्यावरून हा प्रयोग आपल्याकडे आला, त्या मूळ जर्मन वाक्यात अफू आहे, गोळी नाही. गोळी मराठीने घातली. माझी समजूत अशी की, ही भर केवळ वाक्याला ठसका यावा म्हणून पडलेली नसून, ज्या गिरणगावातील सभांतून हे वाक्य वारंवार उच्चारले गेले, तेथील श्रोत्यांच्या घरात अफू गोळीच्याच रूपाने येत असल्यामुळे ती आपोआप पडली. आणि ती गोळी ज्याच्यासाठी घरात येई तो कोणी भोळाभाबडा भाविक नव्हता. ते पाळण्यातले, किंवा खरे सांगायचे तर पाळणा नसलेले, तीन-चार महिन्यांचे मूल होते.

कुकडीकाठच्या आमच्या गावी, माझ्या लहानपणी, शेजारच्या घरात एक वृद्धा राहत असे. लग्नानंतर दोन वर्षांनी नवऱ्याच्या मागोमाग नाणेघाट उतरून, मुरबाडवरून पायी कल्याण गाठून ती मुंबईस गेली आणि तेथे एका गिरणीच्या सूत गुंडाळण्याच्या खात्यात तिने आपल्या आयुष्याची सोळा-सतरा वर्षे घालवली. जुन्नर, आंबेगाव, खेड या भागांतील कितीतरी कुटुंबांची हीच हकीगत आहे. ओतूर-घोडेगावच्या पंचक्रोशीत असे घर विरळाच, ज्याचा एक पाय चाळीतल्या खोलीत नव्हता. आपल्या मुलांना वाढवल्याच्या गोष्टी सांगताना ती करंगळीच्या नखाचे टोक पुढे करून म्हणे, "मोहरीएवढी. येवढीच. अंगावरच्या दुधात उगाळायची अन् बोटानं चाटवायची. भोंगा व्हायच्या आदी दिली की पोर दुपारपस्तोर हालत नसे." मूल जसजसे मोठे होई तसतशी मोहरीची मुगाएवढी होई. गोळी पितळेच्या डबीत, आढ्याला टांगलेल्या शिंक्यात ठेवलेली असे, कारण थोरल्या पोराने एकदा गूळ समजून ती तोंडात घातली होती आणि शेजारणींनी त्याला रात्रभर चापट्या मारमारून जागे ठेवले होते. तिची पाच मुले झाली, तीन जगली. जे दुसरे गेले ते, तिच्याच शब्दांत, "वाळत वाळत गेलं". त्याला दृष्ट लागली होती असे ती अखेरपर्यंत मानत होती.

या गोळीला बाळगोळी म्हणत. नावात केवढे वात्सल्य आहे! बाळकडू, बाळगुटी, बाळंतकाढा या मालिकेत ते नाव इतके सहज बसते की, वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग उगाळून देणारी आजी आणि अफू उगाळून देणारी आई या दोघींच्या हातून एकच कर्म होत आहे असे पाहणाऱ्यास वाटावे. बाळकडवाने मुलाचे काही बिघडत नसेल अथवा फारसे साधतही नसेल. परंतु अफूची गोष्ट निराळी. तिच्यातील मॉर्फिन हे द्रव्य मेंदूतील श्वासोच्छ्वासाचे नियमन करणाऱ्या केंद्रास मंद करते. ते द्रव्य पचवून शरीराबाहेर टाकण्याची यकृताची शक्ती तान्ह्या मुलात अपुरी असल्यामुळे कालच्या मात्रेचा अंमल उतरण्यापूर्वीच आजची मात्रा तिच्यावर चढते. अशा मुलाच्या डोळ्यातील बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते, श्वास लांबतो, ओठ निळसर पडतात. पण त्याहूनही घातक परिणाम डोळ्यांस न दिसणारा आहे, तो असा की, गुंगीतल्या मुलाला भूक लागत नाही. ते रडत नाही, म्हणून त्याला कोणी पाजत नाही. आतडी मंदावतात, पोट फुगते, हातपाय काटक्यांसारखे होतात. आणि मग गोवर किंवा हगवण यांपैकी जे प्रथम येईल ते त्याला घेऊन जाते. मृत्यूच्या दाखल्यावर गोवर लिहिला जातो, अफू लिहिली जात नाही. आमच्या शेजारणीने दृष्ट म्हटले, सरकारी कारकुनाने गोवर म्हटले; निदान चुकण्याच्या बाबतीत दोघांत फारसा फरक नव्हता.

मुंबई सरकारने गिरण्यांतील स्त्री-कामगारांच्या प्रसूतीची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांचा अहवाल १९२२ साली सरकारच्या 'लेबर गॅझेट'मध्ये प्रसिद्ध झाला. कामगार स्त्रियांच्या शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव तान्ह्या मुलांना अफू दिली जाते, असे त्यात नमूद आहे. हा आकडा काटेकोर गणनेचा आहे की अनुभवी डॉक्टरचा अंदाज आहे याविषयी वाद घालता येईल. तो निम्म्याने कमी धरला तरी त्याची भीषणता निम्म्याने कमी होत नाही. अहवालाच्या आदल्याच वर्षी मुंबई शहरात नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे बालमृत्यूंचे प्रमाण साडेसहाशेहून अधिक होते. या आकड्याचा खुलासा करताना त्या काळचे अधिकारी म्हणत की, गिरणीतील बायका बाळंतपणासाठी माहेरी जातात, त्यामुळे जन्म मुलुखात नोंदला जातो आणि मृत्यू मुंबईत, म्हणून हे प्रमाण फुगलेले दिसते. खुलासा हिशेबाच्या दृष्टीने बरोबर आहे. पण जुन्नर व आंबेगाव या बाजूने पाहणाऱ्याला त्यातून जे चित्र दिसते ते हिशेबाने पुसले जात नाही: आमच्या गावच्या दप्तरात पाटील-कुलकर्ण्यांनी ज्याचा जन्म नोंदला, त्याचे पुढे काय झाले ते त्या दप्तरातून कधीच कळत नाही, कारण पुढचे पान मुंबईच्या रजिस्टरात आहे.

ही चाल गिरणीने निर्माण केली असे मात्र कोणी समजू नये. अफूच्या प्रश्नावर लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली १८९३ साली नेमलेल्या शाही कमिशनपुढे ज्या साक्षी झाल्या, त्यांत पश्चिम हिंदुस्थानात तान्ह्या मुलांना अफू देण्याचा प्रघात सर्रास असल्याचे साक्षीदारांनी सांगितलेले आहे; शेतमजुरीस जाणारी स्त्री बांधावर झोळीत मूल निजवताना तेच करीत असे. कमिशनने १८९५ साली दिलेल्या अहवालात बहुमताचा निष्कर्ष असा निघाला की, हिंदुस्थानात अफूचा वापर एकंदरीत माफक असून बंदीची आवश्यकता नाही. हेन्री विल्सन या सभासदाने आपली भिन्न मतपत्रिका जोडली. अफूचा मक्ता, परवान्याची दुकाने आणि चीनकडे जाणारा माल यांपासून खजिन्यात जो वसूल येत होता, तो डोळ्यांपुढे ठेवून ते बहुमत वाचले म्हणजे विल्सन यांचा एकाकी विरोध किती मोलाचा होता ते ध्यानात येते. ज्या मुंबई बंदरातून माळव्याची अफू जहाजांवर चढे आणि ज्या व्यापारातून शहरातले मोठे वाडे व मोठी दातृत्वे उभी राहिली, त्याच शहराच्या एका खोलीच्या बिऱ्हाडांत त्याच अफूचा मोहरीएवढा कण मुलाच्या जिभेवर ठेवला जात होता. एवढ्या मोठ्या व्यापाराचा सर्वांत धाकटा गिऱ्हाईक तो.

पौर्वात्यांच्या अडाणीपणाचे हे लक्षण आहे असे मानणाऱ्यांनी इंग्लंडचा इतिहास चाळून पाहावा. गॉडफ्रेज कॉर्डियल नावाचे अफूमिश्रित गोड सरबत एकोणिसाव्या शतकात तेथील कापड-गिरण्यांच्या शहरांत वाण्याच्या दुकानी विकत मिळे. १८६४ साली डॉ. हंटर यांनी ग्रामीण भागांतील बालमृत्यूंची चौकशी केली, तेव्हा पूर्व इंग्लंडच्या पाणथळ मुलुखात टोळ्याटोळ्यांनी शेतमजुरीस जाणाऱ्या बायकांची मुलेही त्याच रीतीने गप्प केली जात असल्याचे दिसून आले. मार्क्सने आपल्या 'भांडवल' ग्रंथात या चौकशीच्या अहवालाचा आधार घेतलेला आहे. म्हणजे ज्याच्या नावावर आपण गोळी खपवतो त्याला ती खरी गोळीही ठाऊक होती. अमेरिकेत 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' या मॉर्फिनयुक्त औषधाच्या बाटलीवर १९०६ च्या कायद्याने घटकद्रव्ये छापणे भाग पडेपर्यंत, आत काय आहे ते आईला कळण्याचा मार्ग नव्हता. मॅंचेस्टर असो वा परळ, जेथे जेथे स्त्रीला घड्याळाच्या ठोक्यावर घराबाहेर पडावे लागले आणि मुलाकडे पाहण्यास मागे कोणी उरले नाही, तेथे तेथे अफू त्या कोणाच्या तरी जागी येऊन बसली. ती औषध म्हणून आली नव्हती, व्यसन म्हणूनही नव्हे. ती दाई म्हणून आली होती, आणि दाईला द्यावयाच्या पगारापेक्षा ती पुष्कळच स्वस्त होती.

माझे सारे म्हणणे या एका वाक्यात आहे, आणि ते मी शेजारच्या त्या म्हातारीकडून शिकलो. मोठेपणी, थोडे वाचन झाल्यावर, मी तिला विचारले होते, "आजी, गोळी वाईट असते हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं का?" ती म्हणाली, "सांगायच्या की. दवाखान्याच्या बाया चाळीत येऊन सांगायच्या. ऐकायचो. सकाळी भोंगा व्हायचा." मग धाकट्या मुलीला ती दिली होती का, असे विचारता म्हणाली, "तिला नाही. तिच्या वेळी सासू गावावरून आली व्हती."

आजवर या विषयावर ज्यांनी ज्यांनी मातेच्या अज्ञानास दोष दिला, त्यांच्या ग्रंथांपेक्षा मला या उत्तरात अधिक समाजशास्त्र दिसते. अज्ञान होते हे मी नाकारीत नाही. परंतु तीच आई, तेच अज्ञान, तीच खोली आणि तीच परवान्याची दुकाने कायम असताना केवळ एक म्हातारी घरात आली आणि गोळी शिंक्यातच राहिली. खात्यातल्या बायकांवर देखरेख करणाऱ्या नायकिणीची मर्जी राखल्यावाचून जागा टिकत नसे. उशीर झाला तर दिवस बुडे. मुलाला सोबत न्यावे तर ते ठेवायचे कोठे? १९३१ साली अहवाल देणाऱ्या, व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही मजूर कमिशनने गोणपाटावर आणि बॉबिनच्या पेट्यांत निजवलेली तान्ही मुले कारखान्यांतून पाहिली, यंत्रांच्या आवाजात व कापसाच्या धुळीत. बॉबिन ठेवण्याची पेटी! ज्या वस्तूसाठी ती इमारत उभी होती त्या वस्तूच्या पेटीत, ती रिकामी असेल तेव्हा, मुलाला जागा मिळत होती.

कायदे झाले. १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूती-लाभाचा कायदा संमत झाला. त्याच्या बाजूने कौन्सिलात बोलणाऱ्यांत डॉ. आंबेडकर होते. पुढे १९३४ च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांकडून मुलांसाठी खोली मागण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला आणि १९४८ च्या कायद्याने पाळणाघर ही मालकाची जबाबदारी ठरवली. पन्नासांची ही मर्यादा नंतर तिसांवर आली. अफूच्या बाजूने पाहिले तर औषधोपचाराखेरीज अफू खाण्याची सवलत देशभर १९५९ मध्ये संपली. बाळगोळी हद्दपार झाली ही गोष्ट लहान नाही, आणि ज्यांनी ती घडवून आणली त्यांचे ऋण आपण मानले पाहिजे.

परंतु या कायद्यांच्या रचनेत एक दोष राहून गेला होता, आणि त्याची किंमत स्त्रियांनी मोजली. प्रसूतीचा खर्च आणि पाळणाघराचा खर्च स्त्रियांच्या संख्येवर बसवला व तो एकट्या मालकाच्या माथी मारला. तेव्हा मालकाने सर्वांत सोपा मार्ग धरला, तो म्हणजे स्त्रियांची संख्याच कमी करण्याचा. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा असलेल्या स्त्रिया पुढील पाच दशकांत जवळजवळ दिसेनाशा झाल्या. याला रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रे, विवेकीकरण अशी अनेक कारणे आहेत. पण 'पन्नासांहून अधिक' असे लिहिणाऱ्या कायद्याखाली मालकास पन्नास हीच संख्या प्रिय होणार हे सांगण्यास अर्थशास्त्री लागत नाही. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने प्रसूती-लाभ विम्याच्या सामाईक निधीतून देण्याची व्यवस्था केली, तेव्हा ही चूक एका बाजूने दुरुस्त झाली. पाळणाघराच्या बाबतीत ती तशीच राहिली.

गोळी गेली म्हणून धोका गेला असे समजणाऱ्यांना अलीकडचे एक उदाहरण द्यावेसे वाटते. २०२३ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात एका घरगुती पाळणाघरातील चार मुलांना फेंटानिल या कृत्रिम अफूवर्गीय द्रव्याची बाधा झाली. एक वर्षाचे मूल दगावले, तिघांना वाचवता आले. मॉर्फिनच्या पन्नास ते शंभर पट तीव्र असे हे द्रव्य. त्याचा साठा मुलांच्या वापरातल्या जागेत ठेवलेला होता, आणि ज्या जमिनीवर ती खेळत व निजत तिच्याखालच्या चोरकप्प्यातही अमली माल निघाला. थोड्याच दिवसांपूर्वी सरकारी निरीक्षक ते घर तपासून गेला होता. अमली पदार्थांचा चोरटा व्यापार करणारे ते लोक आणि गिरणीतली आई यांची मी बरोबरी करीत नाही. तसे करणे हा त्या आईवर अन्याय होईल. मला दिसते ते एवढेच की, मूल पुन्हा मालाच्या जागेत निजले होते. ब्राँक्समधील मुलांच्या आया काही निराळ्या नव्हत्या, त्या कामावर गेलेल्या होत्या. आणि मोलमजुरीच्या पगारात परवडेल अशी जी जागा उपलब्ध होती तेथे त्यांनी विश्वासाने आपले मूल ठेवले होते. तेथे निदान नॅलोक्सोन हे उतारा-औषध जवळ बाळगणारे लोक वेळीच पोचले. आपल्याकडे फेंटानिल घरोघर नाही, पण खोकल्याच्या कोडीनयुक्त बाटल्या आणि आजोबांच्या तीव्र वेदनाशामक गोळ्या आहेत. मूल अवेळी पेंगू लागले, बाहुली बारीक झाली, श्वास लांबला, तर ते 'शांत झोपले आहे' असे न समजता तत्काळ १०८ ला दूरध्वनी करावा, हे जाता जाता सांगून ठेवतो.

पाळणाघराचा विचार आपल्या भाषेत कोणी केलाच नाही असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीस आणि पुढे कोसबाडला जे कार्य उभे केले, त्यात विकासवाडी या एकाच छपराखाली पाळणाघर, बालवाडी आणि शाळा अशा तिन्हींची योजना होती, कारण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेली थोरली बहीण शाळेत येऊ शकत नाही हे त्यांनी वारली पाड्यांवर स्वतः पाहिले होते. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यावी, या त्यांच्या कल्पनेचे नाव अंगणवाडी. १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर गेले. नाव गेले, पाळणा मात्र मागे राहिला. तीन वर्षांखालील मुलाला अंगणवाडीतून शिधा मिळतो, लस मिळते, वजन होते. आई कामावरून परत येईपर्यंत त्याला सहसा कोणी सांभाळत नाही. अंगणवाडी सेविकांवर हा दोषारोप नव्हे. तुटपुंज्या मानधनात त्या जे करतात ते थोडे नाही. दोष योजनेच्या कल्पनेतच आहे: बाळाला अन्न आणि औषध यांची गरज आहे हे तिने ओळखले, माणसाची गरज आहे हे ओळखले नाही.

आता आमच्याच दोन तालुक्यांत या. दिवाळी होताच बीडकडून, खानदेशाकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि जुन्नरच्या विघ्नहर व आंबेगावच्या भीमाशंकर कारखान्यांच्या कार्यक्षेत्रात त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत दिवस मोजायचे. गेल्या हंगामात मंचरच्या पूर्वेस एका फडावर मी पहाटे गेलो होतो. दव पडलेले, पाचट ओले; त्या पाचटावर गोधडी, गोधडीवर सहा-सात महिन्यांचे मूल, आणि त्याच्या उशाशी आठ-नऊ वर्षांची मुलगी, हातात काठी घेऊन. काठी कशाला, असे विचारले तर म्हणाली, "बिबट्या येतो ना." त्या मुलाला कोणी काही चाटवले होते असे मी म्हणत नाही, ते चांगले जागे होते आणि आपल्या मुठी चोखत होते. शिंक्यातल्या डबीची जागा आता त्या मुलीने घेतली होती, आणि तिच्या गावच्या शाळेत, हजेरीच्या वहीत, तिच्या नावापुढे फुल्या पडत होत्या.

त्या मुलाचा मालक कोण? कारखाना म्हणतो, आम्ही मुकादमाशी करार केला आहे; मुकादम म्हणतो, मी जोडप्याला उचल दिली आहे; शेतकरी म्हणतो, ऊस माझा, टोळी कारखान्याची. पाळणाघराचा नियम येथे लावावा तर तो कोणाच्या हजेरीपटावर लावायचा? म्हणून १९२९ पासूनचा धडा येथे उपयोगी पडावा असे मला वाटते. खर्च स्त्रीच्या संख्येवर न बसवता उसाच्या टनावर बसवावा. ही काही स्वप्नाळू सूचना नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून दर टनामागे दहा रुपये घेण्याचे तत्त्व शासनाने स्वीकारलेलेच आहे. टनावर आकारणी झाली म्हणजे बाई कामावर ठेवल्याने मालकाचा एक पैसाही वाढत नाही आणि तिला काढल्याने वाचत नाही. त्या निधीतून प्रत्येक मोठ्या तळावर, कोप्यांच्या मधोमध, एक छप्पर, पाण्याचा पिंप, दोन चुली आणि त्याच टोळ्यांतील वडीलधाऱ्या दोन बायका पगारावर नेमाव्यात. उन्हाळ्यात तेच छप्पर नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर उभ्या राहणाऱ्या ठाकर व महादेव कोळी बायकांच्या मुलांसाठी टोमॅटोच्या शिवारात न्यावे. दिल्लीत बांधकामाच्या जागेवर मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये 'मोबाइल क्रेशेस' या नावाने हेच केले, आणि काम जेथे जाईल तेथे पाळणा नेता येतो हे दाखवून दिले.

वेळापत्रकाची एक बाब मात्र अगोदरच ठरवून घ्यावी लागेल. सरकारी रिवाजाने हे पाळणाघर सकाळी दहाला उघडले तर त्याचा काडीचाही उपयोग नाही, कारण टोळी पहाटे चारला फडाकडे निघते.